पान लागलं तर: दवाखान्याच्या दारापर्यंत माणूस जिवंत कसा न्यायचा

आमच्या भागात ‘साप चावला’ असं सरळ कुणी म्हणत नाही. पान लागलं म्हणतात. कोकणात होते तेव्हा ‘जनावर डसलं’ ऐकलं, ‘किरडू चावलं’ ऐकलं. रात्रीच्या वेळी तर नावच घ्यायचं नाही, लांबडं म्हणायचं. शब्द कुठलाही असो, दारावर थाप पडून ‘बाई, उठा’ अशी हाक आली की आवाजावरूनच मला कळायचं. 33 वर्षं आरोग्य सेविका म्हणून काढली. पहिली नऊ रत्नागिरी जिल्ह्यात, बाकीची पाटण तालुक्यातल्या डोंगरात.

मी डॉक्टर नाही. दवाखान्याच्या आतलं डॉक्टर बघतील. घर, बांध, गोठा इथपासून दवाखान्याच्या दारापर्यंतचा रस्ता मात्र माझ्या ओळखीचा आहे. माझ्या डोळ्यांदेखत जी माणसं गेली, त्यांतली बहुतेक ह्याच रस्त्यात गेली. म्हणून तेवढंच लिहिते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. सापाच्या विषावर उतारा एकच, ज्याला आपण सापाची लस म्हणतो ते प्रतिविष. ते शिरेतून द्यावं लागतं आणि दवाखान्यातच मिळतं. घरी पाला, मुळी, कांदा, मिरची, तूप, दगड, काहीही वापरलं तरी विष उतरत नाही. मिनिटं तेवढी जातात. आपल्या देशात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशानं गेली, असा अभ्यास 2020 साली आला. तो आकडा मी वाचला तेव्हा मला एकच मुलगा आठवला. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

पहिली पाच मिनिटं

चावलेल्या माणसाला आहे तिथून दोन पावलं बाजूला घ्या आणि खाली बसवा किंवा आडवं करा. त्यानं पळायचं नाही, चालायचं नाही. स्नायू हलले की विष अंगात लवकर पसरतं. शेतातनं धावत घरी आलेली माणसं मी पाहिली आहेत. धापा टाकत सांगायची, ‘पळत आलो बाई, वेळ नको जायला म्हणून.’ माणूस चांगल्या मनानं पळतो, पण बसलेल्या जागेवरून हाका मारणं बरं.

हातातल्या बांगड्या, अंगठी, कडं, पायातली जोडवी, पैंजण, मनगटाचा किंवा पायाचा काळा दोरा, घड्याळ, बूट, सगळं काढा. दहा मिनिटांनी काढू म्हणू नका. घोणशीची सूज इतक्या झपाट्यानं चढते की मग जोडवं निघत नाही, कापावं लागतं आणि तोवर बोट काळं पडायला लागलेलं असतं. नव्या नवरीची जोडवी काढायला घरातल्या बायका अडतात. त्यांना समजावत बसू नका, स्वतः काढा आणि सासूच्या हातात द्या.

मग तो हात किंवा पाय हाड मोडल्यावर धरतो तसा एका जागी धरून ठेवा. काठी, फळी, जाड पुठ्ठा, छत्री, मिळेल ते बाजूला लावून धोतराच्या किंवा ओढणीच्या पट्ट्यांनी सैलसर बांधा. पट्टीखालून आपलं बोट सहज गेलं पाहिजे. ही बांधाबांध विष अडवायला नाही, फक्त हालचाल थांबवायला आहे.

घट्ट दोरी मात्र बांधू नका. सुतळी, चाबकाची वादी, सायकलची ट्यूब, सगळं बांधलेलं मी पाहिलंय. विष थांबत नाही, रक्त थांबतं. एका ऊसतोड मजुराचा पाय शेवटी कापावा लागला तो विषानं नाही, साडेचार तास बांधून ठेवलेल्या दोरीनं. आणि आधीच कुणी बांधली असेल तर वाटेत घाईनं सोडू नका. दवाखान्यात डॉक्टरांसमोर, सलाईन लावल्यावर, सावकाश सुटू द्या. एकदम सोडली तर अडकलेलं विष एका दमात अंगभर जातं.

ब्लेड मारू नका. तोंडानं ओढू नका. बर्फ नको, डाग नको. जखम चोळून धुऊ नका. प्यायला काही देऊ नका, चहाही नको, कारण गिळण्याची ताकद गेली असेल तर ते फुफ्फुसात जाईल. ‘मिरची तिखट लागतेय का, कडुनिंब कडू लागतोय का’ ही परीक्षा घेऊ नका. तिच्यातनं काही कळत नाही.

सापाच्या मागेही लागू नका. एकाच सापानं दोघांना चावलेलं मी दोनदा पाहिलंय. मेलेला साप, अगदी तुटलेलं डोकंसुद्धा, चावू शकतं. लांबून मोबाइलवर फोटो निघाला तर ठीक. नाही निघाला तरी अडत नाही, कारण आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर एकच असते.

देवळाचं काय करायचं

आमच्याकडे पान लागलं की मारुतीच्या देवळात नेऊन बसवतात. सुरुवातीच्या वर्षांत मी भांडले. भांडणात अर्धा तास जायचा आणि माणसं मला सोडून देवळातच जायची. पुढं मी गुरवांशी बोलले. चहा घेत, दोन-तीनदा जाऊन. त्यांना सांगितलं की तुम्ही जे करता ते गाडीपाशी येऊन करा, पेशंट खाली उतरवायचा नाही. ते कबूल झाले. नंतर नंतर तेच अंगारा लावून दरडावायचे, ‘आता पळा दवाखान्यात, हितं थांबायचं न्हाय.’ माझ्या शंभर शब्दांना जे जमलं नाही ते त्यांच्या एका वाक्यानं व्हायचं. तुमच्या गावात भगत असेल, देवर्षी असेल, तर पावसाळ्याआधी त्याच्याशी असं बोलून ठेवा. ऐन वेळी वाद घालू नका.

मंत्रानं बरी झालेली माणसं दिसतात हे खरं आहे. कारण धामण, दिवड, नानेटी, कवड्या, तस्कर ह्यांना विषच नाही. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असं नाही. पण कोरडा दंश कुठला आणि भरलेला कुठला, हे वरून कुणालाच सांगता येत नाही. मलाही येत नाही.

मण्यार

हिच्याबद्दल जास्त लिहिते, कारण हिला माणसं ओळखत नाहीत, आणि मीही ओळखलं नव्हतं.

1991 सालची गोष्ट. नोकरीचं तिसरं वर्ष, पाऊस नुकताच ओसरलेला. पहाटे एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पोटात कळ येतेय, रात्रीपासून. उलटी एकदा. अंगावर सूज नाही, जखम नाही, ताप नाही. मी पोट दाबून बघितलं, पोटदुखीची गोळी दिली, दुपारी दाखवा म्हटलं. जाताना तो मुलगा आईच्या खांद्यावर मान टाकून होता आणि डोळे अर्धे मिटलेले होते. झोप आली असेल असं मला वाटलं. सकाळी साडेनऊला तो गेला. अंथरूण उचललं तेव्हा गोधडीखाली मण्यार निघाली.

मण्यार रात्री फिरते. उंदरांच्या, दुसऱ्या सापांच्या मागावर घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येते. माणूस कुशीवर वळला की चावते. तिचे दात बारीक. बऱ्याचदा चावलेलं कळतही नाही. मुंगी चावली, डास चावला असं वाटतं. खूण दिसत नाही, सूज येत नाही, आग होत नाही. तासा-दोन तासांनी, कधी आणखी उशिरा, पोटात कळ येते, घसा दुखतो, सांधे दुखतात. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, बोलणं नाकातनं येतं, थुंकी गिळता येत नाही, मान धरवत नाही. शेवटी छातीचे स्नायू थकतात आणि श्वास थांबतो.

म्हणून पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, तर आधी त्याचे डोळे बघा. ‘वर बघ’ म्हणा. कपाळाकडे बघताना पापण्या पूर्ण उचलल्या जातात का? जीभ पूर्ण बाहेर काढता येते का? उशीवरून मान उचलता येते का? सलग आकडे मोजायला सांगा, एका श्वासात कितीपर्यंत जातो ते लक्षात ठेवा आणि दहा मिनिटांनी परत मोजायला लावा. आकडा खाली येत असेल तर श्वासाची ताकद घटतेय. हे चार प्रश्न मला त्या सकाळी माहीत नव्हते. पुढं प्रत्येक आशाताईला, प्रत्येक अंगणवाडीच्या बाईंना मी ते तोंडपाठ करायला लावले.

श्वास थांबला तर

2006, सप्टेंबर. डोंगरावरच्या वस्तीतली अकरा वर्षांची मुलगी. पहाटे चारला पोटात दुखायला लागलं, पाचला म्हणाली, ‘आई, मला दोन-दोन दिवे दिसाय लागल्यात.’ आई कुठंही न थांबता माझ्याकडे आली. अंगावर कुठेच खूण नव्हती. मी पापण्या बघितल्या आणि दुसरा विचार केला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी लस सुरू केली, नसांच्या विषासाठी जी इंजेक्शनं देतात तीही दिली. पण मण्यारीचं विष एकदा नसांच्या टोकाला घट्ट बसलं की लसीनं लगेच सुटत नाही. श्वास उथळ होत चालला होता. व्हेंटिलेटर कराडला. 108 ची गाडी महाराष्ट्रात आली 2014 ला, तेव्हा ती नव्हती. दूध नेणारी पिकअप होती. डॉक्टरांनी माझ्या हातात अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी दिली, म्हणाले, ‘सिस्टर, हिचा श्वास आता तुमच्या हातात. थांबायचं नाही.’

पाळीपाळीनं मी आणि तिचा चुलता पिशवी दाबत होतो. डोकं थोडं मागं, हनुवटी वर, मास्क नाकातोंडावर घट्ट. तीन-चार सेकंदांनी एक दाब, छाती उचलली की सोडायचं. घाई करायची नाही, फार जोरात दाबायचं नाही, नाहीतर हवा पोटात जाऊन उलटी होते. तोंडात लाळ साठली की डाव्या कुशीवर करून बोटाला फडकं गुंडाळून पुसायची, परत सरळ करायचं. अर्ध्या तासात मनगट भरून आलं. तिचे डोळे मिटलेले, हात-पाय लोळागोळा, टाचणी टोचली तरी हालचाल नाही. घाट उतरल्यावर चुलता रडायला लागला. ‘बाई, गेली हो पोर. कशाला छळता तिला?’

मी त्याची दोन बोटं तिच्या गळ्यावर, श्वासनळीच्या बाजूला ठेवली. नाडी चालू होती. तो गप्प झाला आणि त्यानं पिशवी माझ्या हातातनं घेतली. पावणेदोन तास लागले आम्हाला.

तीन दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. चौथ्या दिवशी पायाचा अंगठा हलला. बरी झाल्यावर तिनं मला सांगितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ‘काका मी गेले म्हणत होता. मी सगळं ऐकत होते. मला ओरडायचं होतं.’

मण्यारीच्या आणि नागाच्या विषानं निपचित पडलेला माणूस मेलेला दिसतो, पण आत जागा असू शकतो. तेव्हा त्याच्यासमोर रडारड नको, ‘संपलं’ हा शब्द नको. त्याचं नाव घेऊन बोलत राहा. आपण कुठं पोचलो, किती राहिलं, ते सांगत राहा. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय श्वास देणं थांबवू नका.

अंबू बॅग तुमच्याकडे नसणार. तोंडानं श्वास द्या. नाक चिमटीत धरा, आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट बसवा, छाती वर येईल एवढीच हवा सोडा. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एक, लहान मुलाला थोडं लवकर. त्याच्या लाळेतनं तुम्हाला विष चढत नाही. गळ्याची नाडी लागत नसेल, किंवा लागतेय की नाही हे कळत नसेल, तर छाती दाबणंही सुरू करा. छातीच्या मधोमध 30 दाब, मग 2 श्वास, परत 30 दाब. दोघं-तिघं असाल तर दर दोन मिनिटांनी माणूस बदला, थकलेल्या हाताचा दाब उथळ पडतो.

बाकीचे तीन

नाग चावला की बहुतेकदा जागेवर सूज आणि आग असते, आणि मागोमाग मण्यारीसारख्याच पापण्या पडतात. पण इथं सगळं लवकर होतं, कधी अर्ध्या तासात. वाट बघायला वेळच नसतो.

घोणस उसात, काडाच्या गंजीखाली, बांधावरच्या गवतात असते. कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. पुष्कळजण तिला अजगराचं पिल्लू समजून उचलायला जातात. दुखणं भयंकर, सूज वर चढत जाते, हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल किंवा कमी होते. हिचं विष रक्त गोठू देत नाही आणि किडन्या बसवतं. उशिरा आलेला पेशंट लसीनं वाचला तरी डायलिसिसवर जातो. ती अंडी न घालता थेट पिल्लं घालते, ती पिल्लंही जन्मतःच विषारी असतात. करंगळीएवढी आहे म्हणून सोडून देऊ नका.

फुरसं कोकणातल्या कातळावर. दगडाखाली, काजूच्या पाचोळ्यात. टीचभर जनावर, पण फणकारा मोठा. अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर करतं. इथंही रक्ताचाच त्रास, आणि तो सावकाश वाढतो. कोकणात माणसं दोन-दोन दिवस घरी थांबायची आणि हिरड्यांतून रक्त आल्यावर यायची. एवढा वेळ मिळाला म्हणजे धोका नाही, असं धरू नका.

विंचवाचा विषय वेगळा, पण कोकणात विचारतात म्हणून सांगते. लाल विंचवाला सापाची लस चालत नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन नावाची साधी गोळी लागू पडते हे दाखवून दिलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावात बसून त्यांनी हे केलं, याचा आम्हा सगळ्यांना फार आधार वाटायचा. ती गोळीही डॉक्टरांच्या हातूनच घ्यायची.

गाडी आणि दवाखाना

108 ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर आहे त्या वाहनानं निघा आणि वाटेत गाठ पडेल असं ठरवा. डोंगरातल्या वस्तीवरून खुर्चीत बसवून किंवा बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणा. मोटरसायकल असेल तर पेशंट मध्ये, मागून एकानं त्याला छातीशी धरायचं. माणूस झोपाळलेला असेल तर डाव्या कुशीवर झोपवून न्या, लाळ बाहेर वाहू दे.

निघतानाच दवाखान्यात फोन करून तीन गोष्टी विचारा. लस आहे का, डॉक्टर आहेत का, व्हेंटिलेटर आहे का. पापण्या पडायला लागल्या असतील तर तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. पण जवळच्या आरोग्य केंद्रात लस असेल तर ती तिथंच सुरू करून पुढं जा. ‘इथं नको, थेट मोठ्या दवाखान्यात’ म्हणून तिच्यापुढून गाडी नेऊ नका.

पोचल्यावर डॉक्टरांना सांगायचं ते एवढंच: किती वाजता चावलं, कुठं चावलं, तेव्हापासून काय काय बदललं आणि किती वाजता, घरी काय लावलं किंवा पाजलं, दोरी बांधली होती का. मुळी पाजली असेल तर लाजू नका, सांगा.

तिथं ते कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतील. रक्त गोठलं नाही तर घोणशीचं किंवा फुरशाचं विष अंगात आहे. ही तपासणी चालू असताना ‘नुसतं बसवून ठेवलंय’ म्हणून आरडाओरडा करणारे नातेवाईक मी पाहिलेत. ती 20 मिनिटं लागतातच. लस सुरुवातीला साधारण 8 ते 10 कुप्या लागते, आणि लहान मुलालाही तेवढीच, कारण चावणारा साप मूल बघून कमी विष सोडत नाही. गरोदर बाईलाही देतात. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, म्हणून कुणाला अंगावर पित्त उठतं, थंडी वाजते, दम लागतो. तसं झालं तर लगेच नर्सला हाक मारा, त्यावरचं इंजेक्शन तयार असतं. लक्षणं नसतील तर डॉक्टर लस देणार नाहीत, ते बरोबर आहे, हट्ट धरू नका. पण 24 तास तिथून हलू नका. बरं वाटतंय म्हणून रात्री घरी आणलेला माणूस पहाटे परत न्यावा लागतो.

घरी आल्यावर आठवडाभर लघवीकडे लक्ष ठेवा. कमी झाली किंवा रंग बदलला तर त्याच दिवशी परत जा.

मृगाच्या आधी

भाताची लावणी सुरू व्हायच्या आत एक सकाळ काढा. आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, लस आहे का, कुणाच्या ताब्यात आहे, रात्री कोण असतं. केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणायचा आराखडा काढलाय. पण तुमच्या आरोग्य केंद्रातल्या कपाटात कुप्या आहेत का, हे तुम्हालाच जाऊन बघावं लागेल.

घरात जमिनीवर झोपणं बंद करा. बाज, कॉट, दोन बाकं जोडून, काहीही चालेल. कॉटही नसेल तर मच्छरदाणी, आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या. माझा अनुभव असा की घरात मण्यारीपासून एवढं राखणारं दुसरं काही नाही. त्या मुलीला आता स्वतःची दोन मुलं आहेत. तिच्या घरी गेले तेव्हा दुपारच्या झोपेलासुद्धा तिनं मच्छरदाणी खोचलेली पाहिली. धान्याची पोती भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे उंदीर बसत नाहीत. सरपण घरात नको. रात्री परसाकडे जाताना बॅटरी आणि काठी, काठी आपटत चला. गवत कापताना आधी काठीनं हलवा, मग विळा. बूट घालताना झटका.

आणि एक कागद दाराच्या आत चिकटवा. त्यावर 108, लस असलेल्या जवळच्या दवाखान्याचा नंबर, व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्याचा नंबर, आणि रात्री दोन वाजताही गाडी काढणाऱ्या गावातल्या तिघांचे नंबर लिहा. अक्षर मोठं असू द्या, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. खाली ‘चावल्याची वेळ’ असं लिहून पुढं जागा मोकळी सोडा. पेन शेजारी दोऱ्यानं बांधून ठेवा.